शत्रू तुमचं नाव वापरत नाही

लढाऊ विमानाचं नाव ऐकून शत्रूला धडकी भरली पाहिजे, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. शत्रूने ते नाव ऐकायचं कुठे?

जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली, तेव्हापासून एक आग्रह अधूनमधून डोकं वर काढतो. विमानं आपण घेतली, उडवणारे आपले, मग नाव फ्रेंच कशाला? चांगलं सणसणीत देशी नाव द्या, आणि ते असं हवं की सीमेपलीकडे थरकाप उडाला पाहिजे. याच वृत्तीची दुसरी तऱ्हा म्हणजे विमानांच्या उत्तम आणि भिकार नावांच्या याद्या. विमानवेड्यांच्या गप्पांत त्या हमखास निघतात आणि बहुतेक सारख्याच असतात. वरच्या रांगेत वीज, वादळ, वाघ, गरुड, तलवार. खालच्या रांगेत चिलट, रानडुक्कर, बाजाराची पिशवी. मला ही यादी जवळपास उलटी टांगायची आहे. पूर्ण उलटी नाही, कारण वरच्या रांगेतली एकदोन नावं खरोखर चांगली आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी शत्रूचं बघू. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये ज्या विमानाने दोस्तांची झोप उडवली ते जपानी नौदलाचं 'झीरो'. नाव गूढ वाटतं, पण त्यामागे निव्वळ कारकुनी आहे. जपानी राजवंशाच्या कालगणनेत १९४० साल हे २६०० वं वर्ष, त्यातलं शेवटचं शून्य उचललं आणि विमानाला लावलं. दोस्तांच्या सैनिकांच्या तोंडी 'झीरो' रुळलं खरं, पण कागदोपत्री त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'झीक'. १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात बसून जपानी विमानांची माहिती गोळा करणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांच्या गटात फ्रँक मॅकॉय नावाचा कॅप्टन होता, टेनेसीचा. अगम्य जपानी नावं आणि आकडे कोणाच्या लक्षात राहीनात, म्हणून त्याने सोपी युक्ती काढली. लढाऊ विमानांना पुरुषांची नावं, बाँबफेकी विमानांना बायकांची. झीक, नेट, रूफ ही त्याच्या मुलखातली अस्सल खेडवळ नावं, आणि बाँबफेकी विमानं म्हणजे बेटी, केट, व्हॅल. झीरोच्याच एका प्रकाराला त्यांनी 'हॅप' म्हटलं. पुढे कळलं की अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांचं टोपणनाव 'हॅप'च आहे आणि साहेबांना ते काही रुचलेलं नाही. लगेच 'हॅप'चं 'हॅम्प' झालं. जपानी कारखान्यात विमानाचं बारसं कोणत्या दैवी शब्दाने झालं होतं, याची या सगळ्या खटाटोपात कोणालाही फिकीर नव्हती.

शीतयुद्धात हेच काम पाश्चात्त्य देशांच्या एका समितीने पद्धतशीर केलं. सोव्हिएत लढाऊ विमानाचं नाव 'एफ'ने सुरू होणार, बाँबफेकीचं 'बी'ने, मालवाहू 'सी'ने, हेलिकॉप्टर 'एच'ने, बाकी किरकोळ सगळं 'एम'ने. पंख्याचं विमान असेल तर नाव एका शब्दावयवाचं (सिलॅबलचं), जेट असेल तर दोन शब्दावयवांचं. म्हणून चार जोडपंख्यांचं तुपोलेव-९५ हे 'बेअर' आणि जेटवर उडणारं म्यासिश्चेव 'बायसन'. नुसतं नाव कानावर पडलं की रेडिओच्या खरखरीतही कळावं, काय येतंय आणि कशावर उडतंय. मिग-२१ ला 'फिशबेड' म्हटल्याबद्दल आपल्याकडचे काही लोक अजून चिडतात. त्यांना वाटतं नाटो नावं ठेवतंय. नाटो फक्त नाव ठेवत होतं. गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावरून १९७७ पासून २०२३ पर्यंत पाणबुड्यांचा माग काढणारं इल्यूशिन-३८ या पद्धतीत नुसतं 'मे' होतं. 'एम' अक्षर, एक शब्दावयव, पंख्याचं विमान. यात अपमान शोधणाऱ्याला रेल्वेच्या वेळापत्रकातही अपमान सापडेल.

आता आपलं मि-२५ हेलिकॉप्टर घ्या. भारतीय हवाई दलाने त्याचं नाव ठेवलं 'अकबर'. नाटोच्या वहीत ते 'हाइंड', म्हणजे हरिणी. आणि ज्या सोव्हिएत सैनिकांनी या घराण्याची हेलिकॉप्टरं अफगाणिस्तानात वापरली ते त्याला मगर म्हणत. स्पेनच्या यादवीत तर एकाच रशियन विमानाला, आय-१६ ला, प्रजासत्ताकवाले 'माशी' म्हणत, फ्रँकोचे लोक 'उंदीर', आणि खुद्द रशियन वैमानिक 'गाढव'. तिन्ही नावं एकाच वेळी, एकाच आकाशात. यातलं कोणतं ऐकून कोण घाबरलं?

मग ही गर्जना असते कोणासाठी? प्रेक्षकांसाठी. संचलनासाठी, अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्यांसाठी आणि गिऱ्हाइकासाठी. अमेरिकेच्या एमक्यू-९ या चालकविरहित विमानाचं नाव 'रीपर', कोयता घेऊन येणारा साक्षात काळ. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये याच घराण्यातली ३१ विमानं घेण्याचा करार केला. त्यांची नावं काय? 'स्कायगार्डियन' आणि 'सीगार्डियन'. परदेशी सरकारांच्या दारात उभं राहायचं तर काळ चालत नाही, राखणदार लागतो. क्षेपणास्त्रं काही मवाळ झालेली नाहीत.

गर्जनेची सर्वांत महाग किंमत ब्रिटिशांनी मोजली. १९३० च्या दशकात फेअरी कंपनीने एक हलकं बाँबफेकी विमान बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'बॅटल'. लढाई! एक इंजिन, तीन माणसं, मागे तोंड करून एक मशिनगन, पंखात आणखी एक. १९४० साल उजाडेपर्यंत जर्मन लढाऊ विमानांसमोर ते इतकं संथ आणि उघडं पडलं होतं की त्यात बसवणं म्हणजे पोरं मारायला पाठवणं होतं. १४ मे १९४० रोजी सेदानजवळचे म्यूझ नदीवरचे पूल उडवायला ६३ बॅटल गेली. त्यातली ३५ परतली नाहीत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आपण म्हणतो तेव्हा निदान कोणी मरत नाही. मला विमानांच्या इतिहासात याच्याहून वाईट नावं थोडीच आढळतात, आणि कोणत्याही 'वाईट नावांच्या यादी'त ते का नसतं हे कळत नाही. बहुधा ऐकायला शूर वाटतं म्हणून.

'स्टारफायटर'ची गोष्ट त्याच जातीची. लॉकहीडचं एफ-१०४, ताऱ्यांशी झुंजणारं. पश्चिम जर्मनीने ९१६ घेतली आणि २९२ अपघातांत व इतर कारणांनी गमावली. शंभराहून अधिक वैमानिक गेले. जर्मनांनी त्याला 'विधवा करणारं' असं नाव दिलं आणि आणखी एक, अधिक कडवट: 'जमिनीतली खुंटी'. पाकिस्तानकडेही हे विमान होतं आणि त्याचा दरारा मोठा होता. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावरच्या हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांच्या 'मिस्टेअर'शी एका स्टारफायटरची गाठ पडली. मिस्टेअर एक पिढी जुनं, वेगात मागे. स्टारफायटर पडलं. देवय्याही परतले नाहीत. त्या झुंजीत काय झालं हे कळायलाच वर्षं गेली, आणि महावीरचक्र मिळालं ते १९८८ मध्ये. मिस्टेअरचा अर्थ रहस्य. हा निव्वळ योगायोग, यातून काही सिद्ध होत नाही.

सिद्ध होतं ते 'नॅट'मधून. यादीवाल्यांना माझं मुख्य उत्तर हेच विमान आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

टेडी पेटर हा इंग्रज अभियंता. कॅनबेरासारखं विमान त्याने आखलेलं. लढाऊ विमानं दिवसेंदिवस जड, महाग आणि किचकट होत चालली आहेत याचा त्याला वीट आला आणि त्याने उलट्या दिशेने जायचं ठरवलं. फोलंड कंपनीसाठी त्याने आधी 'मिज' बनवलं आणि मग १९५५ मध्ये 'नॅट'. दोन्ही नावांचा अर्थ चिलटाच्या आसपासचा. पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर. शेजारी उभं राहिलं तर वैमानिकाची बैठक नजरेच्या टप्प्यात येते. दारूगोळा भरायला, इंजिनची तपासणी करायला मेकॅनिकला शिडी लागत नाही, जमिनीवर उभं राहूनच हात पोचतो. वेगळे एअरब्रेकदेखील नाहीत. चाकांची झाकणं अर्धवट उघडली की तेच ब्रेक. असल्या वस्तूला वाघ-सिंहाचं नाव दिलं असतं तर तिचा सगळा अर्थच हरवला असता. चिलट हे नाव म्हणजे त्या विमानाचं पूर्ण तत्त्वज्ञान होतं: लहान, स्वस्त, भरपूर, आणि पकडायला अवघड.

ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ नॅट घेतलंच नाही, फक्त प्रशिक्षणाचं घेतलं. भारताने मात्र १९५६ मध्ये परवाना घेतला आणि बंगळुरूला ते बनवलं. आता समोर कोण होतं ते बघा. पाकिस्तानचं मुख्य लढाऊ विमान होतं अमेरिकन एफ-८६. नाव 'सेबर', म्हणजे तलवार. यादीवाल्यांच्या हिशेबाने हा सामना सुरू होण्याआधीच निकालात निघायला हवा होता. तसं झालं नाही. १९६५ मध्ये नॅटने सेबरना असं जेरीला आणलं की आपल्याकडे त्याला 'सेबर स्लेअर' म्हणू लागले. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व सीमेवरच्या बॉयऱ्यावर चार नॅटनी सेबरना गाठलं. पॅराशूटने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक हाती लागले. त्यांतले एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन वर गेले आणि सहा सेबरशी एकटे भिडले. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्या चिलटाच्या बैठकीत मिळालं आहे.

नॅटचे दोषही होते. त्याच्या तोफा ऐन वेळी अडकत. १९६५ मध्ये एक नॅट पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं, ते आजही कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. पण हे दोष विमानाचे. नावाने त्यावर कधी जास्तीचं ओझं टाकलं नाही.

पुढचं प्रकरण तर कोणी रचून सांगितलं असतं तरी खोटं वाटलं असतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने नॅटची सुधारित आवृत्ती काढली आणि तिला नाव दिलं 'अजित'. ज्याला कोणी जिंकू शकत नाही ते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते आलं, १९९१ मध्ये गेलं, आणि मधल्या काळात हवाई युद्ध असं झालंच नाही. नावाला ते पूर्ण जागलं म्हणायचं. दोन युद्धं लढलं ते चिलट, आणि अजिंक्य राहिलं ते कधी न लढलेलं.

आपल्याकडे पूर्वी एखाद्या घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू असं ठेवत. दृष्ट लागू नये, यमाला वाटावं की हे काही न्यायच्या लायकीचं नाही. त्या नावात तुच्छता नसायची, उलट घरातलं सगळ्यात जपलेलं पोर तेच असायचं. वैमानिक आणि मेकॅनिक आपल्या विमानांना जी नावं ठेवतात त्यांत मला हाच हिशेब दिसतो. इंग्रजांचं 'स्वोर्डफिश' हे कापडी पंखांचं, तारांनी बांधलेलं, उघड्या बैठकीचं दोन मजली विमान. त्याच्या पोटाखाली काहीही अडकवता येई, टॉर्पेडो, सुरुंग, बाँब. म्हणून नौदलाच्या पोरांनी त्याला इंग्रज गृहिणीच्या जाळीच्या पिशवीचं नाव दिलं, 'स्ट्रिंगबॅग'. नोव्हेंबर १९४० मध्ये अशा २१ पिशव्या तारांतो बंदरावर गेल्या आणि एका रात्रीत इटलीच्या तीन युद्धनौका निकामी करून आल्या. दोन परतल्या नाहीत. पुढच्या मेमध्ये जर्मन युद्धनौका बिस्मार्कचं सुकाणू ज्या टॉर्पेडोने जॅम केलं तोही एका पिशवीतूनच पडला होता. स्वोर्डफिश हे नाव फक्त कागदावर राहिलं.

अमेरिकेच्या ए-१० चं अधिकृत नाव 'थंडरबोल्ट दोन'. ते सैनिकाच्या तोंडून क्वचितच ऐकू येतं, सगळ्यांचं ते 'वॉर्टहॉग', आफ्रिकेतलं कुरूप सुळेवालं डुक्कर. त्याच्या आजोबाला, पी-४७ थंडरबोल्टला, लोक 'जग' म्हणत, दुधाचा जग. आणि एफ-१११ ने तर कमाल केली. वैमानिकांनी त्याला लांब नाकाच्या, मुंग्या खाणाऱ्या प्राण्यावरून 'आर्डवार्क' म्हणायला सुरुवात केली. हवाई दलाने हे नाव अधिकृतपणे कधी मान्य केलं? १९९६ मध्ये, निवृत्तीच्या समारंभात! तोवर विमानाची उमर संपत आली होती.

सगळी टोपणनावं प्रेमाची नसतात, हे मान्य. मिग-२१ ला आपल्या वर्तमानपत्रांनी 'उडती शवपेटी' म्हणून टाकलं. मला ते नाव आवडत नाही, कारण जे ते विमान उडवत होते त्यांतल्या अनेकांना ते टोचत होतं. पण ज्या घरांतला मुलगा त्या विमानात गेला, ज्यांनी नंतर चौकशीसाठी वर्षानुवर्षं सरकारशी भांडण मांडलं, त्यांच्या तोंडी ते नाव आलं तर हरकत घेण्याचा अधिकार मला नाही. मथळ्यात ते छापणाऱ्यांबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही.

आता राफेलच्या बारशाकडे येतो. आपल्या हवाई दलाने हा प्रयोग करून पाहिलेला आहे, हे बारशाला उतावीळ झालेल्यांना बहुधा ठाऊक नसतं. जग्वारचं नाव शमशेर. मिराज-२००० चं वज्र. मिग-२३ च्या एका प्रकाराचं विजय, दुसऱ्याचं रक्षक. मिग-२५ गरुड, मिग-२७ बहादूर, मिग-२९ बाज, इल्यूशिन-७६ गजराज. यातली निम्मी तरी नावं तुम्ही ऐकली होती का? फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवर बाँब पडले तेव्हा देशभर मिराज, मिराज चाललं होतं. वज्राने हल्ला केला असं कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि ती बातमी सांगणारे काही देशी नावांचे विरोधक नव्हते. 'बहादूर' हे नाव लोकांना कळलं तेच बहुतेक २०१९ च्या डिसेंबरात, जोधपूरला शेवटचं मिग-२७ उतरलं तेव्हाच्या निरोपाच्या बातम्यांतून.

उलट जी नावं टिकली ती बघा. १९५३ मध्ये फ्रान्सहून 'ऊरागाँ' आलं. हे नाव उच्चारायला जीभ वळेना, त्याचं आपल्याकडे 'तूफानी' झालं आणि त्याच नावाने ते विमान ओळखलं गेलं. 'आलुएत' हेलिकॉप्टर इथेच बनू लागलं आणि 'चेतक' झालं. मराठी माणसाला चेतक म्हटलं की आधी आकुर्डीची स्कूटर आठवते ही गोष्ट वेगळी. किरण, दीपक, ध्रुव ही इथलीच विमानं आणि हेलिकॉप्टरं, नाव जन्माबरोबर आलं, म्हणून चिकटलं. आणि 'मिग'? मिकोयान आणि गुरेविच या दोन अभियंत्यांची आद्याक्षरं, मधला 'इ' म्हणजे रशियन भाषेतला 'आणि'. कोणाला घाबरवायला ते सुचलेलं नाही. तरी नाशिकजवळच्या ओझरला कारखाना आला आणि लोक त्या वस्तीलाच 'ओझर मिग' म्हणू लागले.

मराठीत खऱ्या अर्थाने शिरलेलं लष्करी विमान तर एकच आहे: डाकोटा. खिळखिळी एसटी, धापा टाकणारी मोटार, सगळं आपल्याकडे 'डकोटा' असतं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिले सैनिक उतरवले ते याच मालवाहू विमानांनी. २०१८ मध्ये एक जुनं डाकोटा दुरुस्त करून हवाई दलाला भेट मिळालं आणि त्याचं नाव ठेवलं 'परशुराम'. भेट देणाऱ्याच्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण ज्या विमानाचं सगळं मोठेपण ओझी वाहण्यात होतं त्याच्या हाती परशू का द्यायचा? डाकोटाला डाकोटा म्हटल्याने त्याचा काय अपमान होत होता?

यापेक्षाही मला खटकतं ते अलीकडचं. 'सितारा' हे प्रशिक्षणाचं जेट मार्च २००३ मध्ये पहिल्यांदा उडालं. गिरकीतून ते नीट बाहेर येत नव्हतं. रचना बदलाव्या लागल्या, वर्षं गेली, दोन दशकं उलटली, हवाई दलात ते आलं नाही. गिरकीचा दोष दुरुस्त झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या प्रदर्शनात त्याचं नाव बदलून 'यशस' केलं. अभियंत्यांनी खपून दोष काढला हे खरं कौतुकाचं काम, ते मोकळेपणाने सांगावं. नावातच यश घालून ठेवण्याची घाई कशाला? विद्यार्थी वैमानिक आधी त्यात शिकून बाहेर पडू देत.

आणि 'प्रचंड'. कारगिलच्या उंचीवर आपली जड हल्लेखोर हेलिकॉप्टरं चालेनात, त्या अनुभवातून हे हलकं हेलिकॉप्टर जन्माला आलं. पाच हजार मीटरवर उतरून पुन्हा उडू शकणारं, पुढे-मागे दोन बैठकींचं, सडपातळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला त्याचं नाव जाहीर झालं. हिंदीत त्या शब्दाला अजून उग्रपणा असेल. मराठीत मात्र गर्दी प्रचंड असते, उकाडा प्रचंड असतो, कंटाळाही प्रचंड येतो. ज्याचा सगळा गुण हलकेपणात आहे त्याला हे नाव सुचावं, याला म्हणायचं काय.

'तेजस'चं काय, असं आता कोणी विचारेल. तेजस चांगलंच नाव आहे. ४ मे २००३ ला वाजपेयींनी ते जाहीर केलं. आखूड आहे, देशातल्या कोणत्याही भाषेत बोलता येतं, आणि कोणाला मारण्याची धमकी त्यात नाही. आपल्या प्रत्येक शाळेच्या वर्गात एखादा तेजस असतोच, मुंबईहून गोव्याला जाणारी आगगाडीही तेजस. वादळाची, विजेची, नरसिंहाची हाक न घालता एक विमान दोन दशकांहून जास्त काळ त्या नावाने ओळखलं जातंय, म्हणजे माझ्याच बाजूचा पुरावा झाला.

तसंच 'स्पिटफायर'. हे नाव वरून लादलेलं होतं हे खरं. व्हिकर्स कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकलीन आपल्या तापट मुलीला लाडाने तसं म्हणत. विमान आखणाऱ्या मिचेलला ते नाव मूर्खपणाचं वाटलं, असं सांगतात. मला वाटतं मिचेल चुकला. बापाने चिडक्या पोरीला मारलेली ती हाक आहे, तिच्यात डरकाळी नाही, घर आहे. म्हणून ती चिकटली. (त्या वेळी 'श्रू' म्हणजे चिचुंद्री हेही नाव सुचवलं गेलं होतं. चिचुंद्रीनेही ब्रिटनची लढाई जिंकली असती.)

पण घरगुती नाव म्हणजे चांगलं नाव, असंही मी म्हणत नाही. सगळ्यात वाईट नाव कोणतं असं मला विचारलं तर ते घरातलंच आहे. ५ ऑगस्ट १९४५ ला, हिरोशिमाच्या आदल्या दिवशी, पॉल टिबेट्सने आपल्या बी-२९ विमानाच्या नाकाडावर आपल्या आईचं नाव रंगवून घेतलं: एनोला गे. नेहमी ते विमान उडवणारा रॉबर्ट लुइस चिडला, पण इलाज नव्हता. पोटातल्या बाँबचं नाव 'लिटल बॉय'. आई आणि बाळ. यात क्रौर्य नव्हतं, उलट मायाच होती, आणि त्यामुळेच ते नाव अंगावर येतं. दृष्ट लागू नये म्हणून आपल्या पोराला धोंडू म्हणणं वेगळं, आणि शहर जाळायला निघालेल्या यंत्राला आईचं नाव देणं वेगळं. यादीवाले हे नाव एकतर गाळतात किंवा 'गाजलेलं' म्हणून पुढे जातात. २०२५ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने विविधतेसंबंधीचा मजकूर काढून टाकायची मोहीम घेतली, तेव्हा या विमानाची छायाचित्रंही काढायच्या यादीत आली. कारण नावात 'गे' होतं. त्या नावाबद्दल इतक्या वर्षांत घेतलेली सरकारी हरकत ती एवढीच.

तर राफेलला राफेलच राहू द्या. त्या शब्दाचा फ्रेंचमध्ये अर्थ वाऱ्याचा झोत, आपल्या हवाई दलाच्या पोरांना ते उच्चारता येतं, आणि जीभ वळली नाही तर ती स्वतःच त्याचं काहीतरी करतील, ऊरागाँचं केलं तसं. पुढे 'अ‍ॅम्का' येणार आहे, आपलं पाचव्या पिढीचं विमान. त्याच्या नावासाठी आत्तापासून ऋग्वेद चाळायला बसलेले लोक असतील. त्यांना विनंती आहे की पहिल्या तुकडीला ते वर्ष-दोन वर्षं उडवू द्या, आणि हँगरमध्ये इंजिनाखाली पडलेला सार्जंट पाना हातातून निसटल्यावर त्या विमानाला काय म्हणतो ते आधी ऐका. ते छापण्याजोगं असेलच असं नाही. पण मंत्रालयातून येणाऱ्या कोणत्याही नावापेक्षा ते जास्त काळ टिकेल.